कार्यालयात परतण्याचा आदेश

प्रास्ताविक

'कामाला जाणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. काम म्हटले की घराबाहेर पडणे आलेच, असा अर्थ त्यात गृहीत धरलेला आहे. सकाळी डबा भरायचा, बस किंवा लोकल गाठायची, हजेरी लावायची आणि दिवेलागणीला परतायचे, या क्रमाने शहरातील नोकरदारांच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य गेले. २०२० साली हा क्रम एकाएकी तुटला. पुढे दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा जोडण्याचे आदेश निघू लागले, तेव्हा काहींनी कार्यालयात परतण्याऐवजी राजीनामा देणे पसंत केले. हाती असलेली नोकरी एवढ्या कारणासाठी कोणी का सोडावी? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ पाठ

२५ मार्च २०२० पासून भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. संगणकावर ज्यांचे काम चालते, अशा लक्षावधी कर्मचाऱ्यांनी आपले कार्यालय घरी मांडले. कोणी स्वयंपाकघराच्या ओट्यालगत टेबल लावले, तर कोणी माळ्यावरच्या खोलीत. सरकारी नियमही हळूहळू या व्यवस्थेला अनुकूल झाले. कॉल सेंटरसारख्या सेवांवर दूरसंचार विभागाची पूर्वी अनेक बंधने होती. ५ नोव्हेंबर २०२० रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि घरून काम करणे पुष्कळ सोपे झाले.

घरी बसून रोजगार मिळवणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. सोलापुरातील स्त्रिया कारखान्यातून तेंदूपत्ता व तंबाखू घरी आणून विड्या वळतात, त्याला अनेक दशके झाली. त्यांच्या कामाला मात्र कोणी 'सवलत' म्हटले नाही. तसेच, ज्या इमारतींमधून संगणक अभियंते घरी गेले, त्या इमारतींचे पहारेकरी, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील नोकर यांना घरून काम करण्याचा पर्याय कधीच नव्हता. घरून कामाची चर्चा ही मुख्यतः समाजाच्या एका स्तराची चर्चा आहे. तरीही तिच्यातून पुढे येणारा प्रश्न सर्व श्रमिकांचा आहे: दिलेला शब्द मालकाने एकतर्फी फिरवला, तर नोकराने काय करावे?

शब्द दिला गेला होता, हे नाकारता येत नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील अग्रगण्य कंपनीने २०२० साली एक योजना जाहीर केली होती. २०२५ पर्यंत एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनीच कार्यालयात असण्याची गरज राहील, असे तिचे स्वरूप होते. अशा घोषणांवर विसंबून लोकांनी आयुष्याची मांडणी बदलली. पुण्या-बंगळुरूतील भाड्याच्या खोल्या सोडून कित्येक जण गावी गेले. आजारी आईवडिलांची सेवा, मुलांच्या शाळा, घराचे कर्ज यांचे निर्णय त्या भरवशावर झाले. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले, आणि २०२४ मध्ये वेतनातील बदलता भाग उपस्थितीशी जोडला. परिस्थिती पालटली की धोरण पालटते, असे व्यवस्थापन म्हणू शकते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु धोरण एका पत्राने बदलते. गावी बसलेली घडी एका पत्राने मोडता येत नाही.

परदेशातही हेच घडत होते. ॲपल कंपनीने २०२२ च्या मे महिन्यापासून आठवड्यातील तीन दिवस कार्यालयात येण्याचे ठरवले, तेव्हा तेथील मशीन लर्निंगचे संचालक इयान गुडफेलो यांनी नोकरी सोडली. कामाच्या जागेबाबत अधिक लवचीकपणा हवा होता, हे त्यांनी सहकाऱ्यांना कळवल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यांना नवी नोकरी लगेच मिळाली. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये आदेश काढून २ जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांची उपस्थिती सक्तीची केली.

राजीनामा देणाऱ्याला आळशी ठरवणे सोपे आहे. त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. कार्यालय गाठण्यास दीड तास लागतो असे धरले, तर येण्याजाण्यात रोजचे तीन तास जातात. महिन्यातील बावीस दिवसांचे छासष्ट तास होतात. आठ तासांचा एक दिवस मानला, तर हे आठ दिवसांहून अधिक काळाचे बिनपगारी काम झाले! हिंजवडीच्या रस्त्यावर पावसाळ्यात अडकलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्यात खोलीभाडे आणि बाहेरचे जेवण मिळवले म्हणजे पगार तोच राहूनही हाती उरणारी रक्कम घटते. घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हेच तीन तास नोकरी टिकणे आणि सुटणे यांतील अंतर ठरू शकतात.

या तर्काला संशोधनाचाही आधार आहे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवाससेवा कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने एक प्रयोग झाला. विषम तारखेस जन्मलेल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली. इतरांना पाचही दिवस कार्यालयात यावे लागले. मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या दर्जात फरक पडला नाही. स्त्रिया आणि दुरून येणारे कर्मचारी यांच्या बाबतीत हा परिणाम विशेष दिसला. प्रयोगापूर्वी साशंक असलेल्या व्यवस्थापकांचे मतही नंतर बदलले. हे निष्कर्ष २०२४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच कंपनीतील आधीचा एक प्रयोग मात्र दुसरी बाजू दाखवतो. २०१०-११ मध्ये तेथील कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले गेले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. पण पुढे निवडीची संधी मिळताच त्यांच्यापैकी अनेक जण कार्यालयात परतले, कारण घरचा एकांत त्यांना खायला उठत होता. नवशिक्याला शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याकडून जे शिकता येते, ते पडद्यावरून शिकणे कठीण असते. दोन खोल्यांच्या घरात चार माणसे राहत असतील, तर कार्यालय हेच कामाचे शांत ठिकाण असते. म्हणून कार्यालयात बोलावणे हाच अन्याय, असे म्हणता येणार नाही. ज्याला जे सोयीचे, ते निवडण्याची वाटच बंद करणे, हे खरे दुखणे आहे.

कायदा या वादात फारसा मदतीला येत नाही. घरून काम करणे हा भारतात सर्वसाधारण हक्क नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असल्यास, प्रसूतिरजेनंतर घरून काम देण्याची सोय केली. पण तेही मालक आणि कर्मचारी यांच्या परस्पर संमतीने. एरवी नियुक्तिपत्रात जे लिहिले असेल, तेच प्रमाण. पत्रात कामाचे ठिकाण 'पुणे' असे असेल आणि घरून कामाची परवानगी तोंडी मिळाली असेल, तर कर्मचाऱ्याची बाजू लंगडी पडते. अशी परवानगी लेखी मागून घेण्यात संकोच करू नये.

राजीनामा देण्यापूर्वीही कागद तपासावे लागतात. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्याच्या सूचनेचा काळ, बहुधा नव्वद दिवसांचा असतो. तो न पाळल्यास वेतन कापले जाऊ शकते आणि कार्यमुक्तीचे पत्र अडू शकते. कायम नोकरीची सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळते. पाचवे वर्ष संपण्यास थोडेच महिने उरले असतील, तर संतापाच्या भरात ते सोडून देणे महागात पडते. भविष्यनिर्वाह निधी मात्र बुडत नाही. तो नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करता येतो.

राजीनामा हे सर्वांच्या हातचे शस्त्र नाही. गुडफेलो यांच्यासारख्या नामवंत तज्ज्ञासाठी दुसरे दार उघडे असते; कर्जाचा हप्ता भरणाऱ्या, चार वर्षांचा अनुभव असलेल्या तरुणापुढे तसे दार असेलच असे नाही. तो पुन्हा शहरात खोली शोधतो. काही जण सकाळी येऊन हजेरीयंत्रावर कार्ड लावतात, एक कप चहा घेतात आणि घरी जाऊन उरलेले काम करतात. हे ध्यानात आल्यावर काही कंपन्यांनी दिवसांबरोबर तासही मोजण्यास प्रारंभ केला.

पाठगत प्रश्न

१. घरून कामाची चर्चा ही समाजाच्या एका स्तराची चर्चा आहे, असे पाठात का म्हटले आहे?
२. पाठात दिलेल्या पद्धतीने तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या एखाद्या व्यक्तीच्या प्रवासाचा महिन्याचा हिशेब मांडा.
३. 'खायला उठणे' आणि 'बाजू लंगडी पडणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
४. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मागणारे औपचारिक पत्र आपल्या वरिष्ठांना लिहा. परवानगी लेखी मिळावी, ही विनंती त्यात असू द्या.