नऊ जणांच्या वर्गात मी एकटी

प्रश्न : अकरावीला मराठी साहित्य घेतलंय. वर्गात नऊच जण, बाकी सगळे जुने मित्र. मला परकं वाटतं. काय करू?

उत्तर : सगळ्या गटात एकदम शिरू नकोस, आधी एकीशी बोल. साहित्याच्या तासाला विषय शोधावा लागत नाही. ‘ती गोष्ट तुला पटली का?’ एवढंही पुरतं. मत जुळलं नाही तरी गप्पा रंगतात. पुस्तकांची देवघेव कर. परत करताना पुन्हा बोलणं होतंच. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्यासाठी अभिवाचन बसवू या, असं बाईंना सुचव. तालमीत ओळखी लवकर वाढतात. तरीही महिनोन्महिने एकटं वाटलं, तर घरी किंवा समुपदेशकांशी मोकळेपणाने बोल.