अर्धांगवायूनंतरचे पहिले पाऊल



दर वर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन म्हणून पाळला जातो. आपण घरी ज्याला अर्धांगवायू म्हणतो आणि भोपाळमध्ये सगळे ज्याला लकवा म्हणतात, तोच हा आजार. आपल्या अनेक घरांत आजी-आजोबा सोबत राहतात, म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे. दवाखान्यातून घरी परतलेल्या रुग्णाचा तोल का जातो व घरच्यांनी काय करावे, एवढेच या पाठात पाहू.

प्रथम एक प्रयोग करा. भिंतीजवळ, मित्राला शेजारी ठेवून, एका पायावर उभे राहा. आता डोळे मिटा. शरीर लगेच डोलू लागेल. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळते : डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, सांधे व स्नायू. डोळे मिटताच त्यातील एक वाट बंद झाली. उरलेल्या माहितीवर मेंदूला काम भागवावे लागले.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळत नाही. बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या अंगाला चालवते व डावी बाजू उजव्या अंगाला. म्हणून इजा एका बाजूला आणि अशक्तपणा दुसऱ्या बाजूला दिसतो. पायाची हाडे शाबूत असतात, पण मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. कधी तळपायाची खबरही वर जात नाही. पावलाचा पुढचा भाग उचलला जात नाही, बोटे जमिनीला घासतात, म्हणून रुग्ण पाय अर्धगोल फिरवून टाकतो. काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते दाराच्या चौकटीला धडकतात, ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते. हा हट्ट किंवा निष्काळजीपणा नव्हे, आजाराचाच भाग आहे.

एकदा पडल्यावर रुग्णाच्या मनात भीती बसते. घरचेही मायेपोटी म्हणतात, “आजोबा, उठू नका, आम्ही आणून देतो.” पण बसून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात, चालणे आणखी कठीण होते आणि पडण्याचा धोका वाढतो. मेंदूचा सुदृढ भाग सरावाने काही कामे नव्याने शिकू शकतो. लहान मूल शेकडो वेळा पडून-उठून चालायला शिकते, त्याचप्रमाणे येथेही तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सहसा वेगाने होते, नंतरही ती हळूहळू चालू राहू शकते. म्हणून आजोबांना बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. त्यांना पडू न देता चालवणे, ही खरी सेवा.

घरी पाळण्याच्या गोष्टी :

१. बिछान्यातून एकदम उठवू नये. काठावर थोडा वेळ बसवून मग उभे करावे.
२. अशक्त हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. अशक्त बाजूला उभे राहून कमरेला आधार द्यावा.
३. काठी चांगल्या हातात असावी.
४. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अशक्त पाय. कठड्याला धरावे.
५. न्हाणीघर कोरडे ठेवावे, भिंतीला पकडदांडा लावावा. सैल पायपुसणी व वाटेतल्या तारा काढाव्यात. रात्री दिवा असावा.
६. चालताना प्रश्न विचारू नयेत. दोन कामे एकदम केली की तोल जातो.

व्यायाम मात्र तज्ज्ञांनीच ठरवावेत. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था सुरू झाली. आपल्या भोपाळमध्येही हमीदिया रुग्णालय व एम्स येथे फिजिओथेरपीची सोय आहे. प्रगती मोजण्याच्या पद्धतीही सोप्या आहेत. १९८९ मध्ये कॅथरीन बर्ग यांनी मांडलेल्या तोलाच्या चाचणीत १४ कृती असतात व एकूण गुण ५६. दुसरी चाचणी १९९१ ची : खुर्चीतून उठणे, ३ मीटर चालणे, वळून परत येणे व बसणे. निरोगी माणसाला याला साधारण १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो.

एक गोष्ट सर्वांनी पाठ करावी. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यापैकी काहीही अचानक दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

स्वाध्याय :

१. ३ मीटरची चाचणी स्वतः करून वेळ लिहा.
२. आपल्या घरात आजी-आजोबा अडखळतील अशा पाच जागा शोधा व पालकांसोबत त्या दुरुस्त करा.
३. दोन्ही उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.