आसनावरचं अजिन आणि जॅकेटची फर (गीता 6.11 आणि 6.32)



आजचं वाचन : गीता, अध्याय 6, श्लोक 11 ते 14 आणि त्याच अध्यायातला श्लोक 32.

अकराव्या श्लोकात भगवंत ध्यानाचं आसन सांगतात. जागा शुद्ध असावी, आसन फार उंच नको, फार खाली नको. खाली दर्भ, त्यावर अजिन, वर वस्त्र. अजिन म्हणजे हरणाचं कातडं. एरवी आपण हा शब्द वाचून पुढे जातो. या आठवड्यात मला तिथं थांबावं लागलं.

माझा मावसभाऊ नोकरीसाठी टोरंटोला चाललाय. थंडीचं जॅकेट शोधत होता. मी म्हटलं, टोपीला खरी फर असलेलं घेऊ नको. तोही आमच्या तेल्हाऱ्याचाच, नेमानं गीता वाचणारा. लगेच मेसेज आला : "दादा, गीतेतच अजिन हाय ना, मंग फरले काहून नाई म्हनतं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही गीतेतूनच द्यायला हवं.

आधी श्लोकाचा रोख बघू. रानात राहणारा साधक जमिनीवर बसतो. खालून ओल येते, गारवा येतो. गवत, कातडं आणि कापड, हाताशी असलेल्या तीन गोष्टींनी तो बैठक करतो. पुढचे श्लोक सगळे मन एकाग्र करण्याबद्दल आहेत. म्हणजे अजिन हे साधन आहे, साध्य नाही. तेच काम आज आपल्या वऱ्हाडातल्या कापसाची सतरंजी करते.

आता एकवीस श्लोक पुढे या. बत्तिसाव्या श्लोकात भगवंत सर्वश्रेष्ठ योगी कोण ते सांगतात : जो दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःसारखंच जाणतो तो. अध्याय तोच. ज्या आसनावर बसायचं, त्यानं पोचवायचं इथं. मग जी वस्तू दुसऱ्या जीवाच्या दुःखाकडे डोळेझाक करायला लावते, तिच्यासाठी अकरावा श्लोक पुढे कसा करता येईल?

आणि फरमागचं दुःख खरं आहे. मिंक हा पाण्याकाठी एकटा हिंडणारा, पोहणारा प्राणी. फर्मवर त्याचा जन्म तारेच्या पिंजऱ्यात जातो. वसंतात जन्मलेलं पिल्लू त्याच वर्षीच्या थंडीत, बहुतेक वेळा गॅसनं, मारलं जातं. जॅकेटच्या टोप्यांना लागणारी कायोटीची फर सापळ्यात अडकलेल्या रानटी जनावरांची असते. भारतानं जानेवारी 2017 मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. पण परदेशात दुकानात उभे असताना कायदा आपल्यासाठी नाही म्हणणार नाही. ते आपणच म्हणायचं.

"मी एकट्यानं नाही घेतलं तर काय होणार?" हाही प्रश्न येतोच. जानेवारी 2006 मध्ये अमरावतीला (आपली नव्हे, आंध्रातली) कालचक्र सोहळा झाला. तिबेटी लोक तेव्हा वाघ, बिबट्या, पाणमांजर यांच्या कातड्याची किनार लावलेले झगे मिरवत. दलाई लामांनी ते सोडायला सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत तिबेटमध्ये लोकांनी आपली महागडी कातडी स्वतःहून होळीत टाकली. त्या बाजारात भारतातल्या वाघांची कातडी जात होती. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुड्यात मेळघाट आहे, तिथंही वाघांच्या शिकारी झाल्यात. तेव्हा कुणीतरी दूर देशी अंगावरची किनार उतरवली, तर त्याचा संबंध आपल्या डोंगराशीही लागतो.

दुकानदारही ऐकतात. गुची, प्राडा यांनी फर सोडली. टोरंटोच्याच कॅनडा गूज कंपनीनं 2021 मध्ये फर बंद करण्याची घोषणा केली. गिऱ्हाईक विचारायला लागलं की कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

आजचा अभ्यास :

1. जॅकेट, कीचेन, पर्स, बुटाची किनार, काहीही घेताना केस बाजूला करून मूळ बघा. खाली कापडाची वीण दिसली तर नकली, कातडं दिसलं तर खरी फर. स्वस्त आहे म्हणजे नकलीच, असं समजू नका.

2. कळलं नाही तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

3. आसनासाठी मृगाजिन किंवा व्याघ्राजिन विकत घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. आजोबांच्या काळातलं घरात असेल तर विकू नका, कुणाला देऊही नका, वन विभागाकडे चौकशी करा.

4. आज ध्यानाला बसताना बत्तिसावा श्लोक तीनदा सावकाश वाचा.

भावाला मी हेच लिहून पाठवलं. त्याचं अजून उत्तर नाही, आणि निर्णय त्याचाच आहे. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

उद्या श्लोक 33 : मन आवरत नाही ही अर्जुनाची तक्रार. म्हणजे आपलीच!

जय गजानन 🙏