उष्णतेचा इशारा आणि तवक्कुल

उन्हाळ्यात हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो: उद्या उष्णतेची लाट, दुपारी घराबाहेर पडणे टाळा. घरातील एखादे वडीलधारे तो ऐकून म्हणतात, "उद्याचे ज्ञान फक्त अल्लाहला. नशिबात लिहिले असेल ते होणारच." आणि भर दुपारी कामाला निघतात. हे उद्गार ईमानातून येतात, म्हणून त्यांचा अनादर होता कामा नये. परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. कारण या समजुतीची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

गैब, म्हणजे परोक्षाचे ज्ञान, केवळ अल्लाहकडे आहे, यात शंका नाही. सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत पावसाचा उल्लेख याच संदर्भात आहे. मात्र सूरह आराफमध्ये वाऱ्यांना पावसाआधी शुभवार्ता घेऊन येणारे म्हटले आहे. म्हणजे घटनेपूर्वी तिच्या खुणा येतात, आणि त्या अल्लाहनेच ठेवलेल्या आहेत. हवामानशास्त्रज्ञ याच खुणा वाचतो. फुगे, उपग्रह आणि रडार यांच्या साह्याने तो हवेचा दाब, आर्द्रता व वारा मोजतो, गणित मांडतो आणि शक्यता सांगतो. वैद्य नाडी पाहून तापाचे निदान करतो, त्याहून हे वेगळे नाही.

हुदैबिया येथे रात्री पाऊस पडला, तेव्हा सकाळी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबींना बजावले की, हा पाऊस अल्लाहच्या कृपेने पडला असे म्हणणारा श्रद्धावंत, आणि अमुक ताऱ्याने पाडला असे म्हणणारा अल्लाहला नाकारणारा होय. आपला शेतकरी 'मृगाचा पाऊस' म्हणतो तो काळ ओळखण्यासाठी. त्यात दोष नाही. दोष आहे तो पाऊस पाडण्याचे श्रेय नक्षत्राला देण्यात. अंदाज वर्तविणाऱ्याने असे श्रेय कोणालाच दिलेले नसते.

आता तवक्कुल. हिजरी १८ मध्ये हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना अमवास परिसरातील प्लेगची वार्ता कळली व त्यांनी परतण्याचे ठरविले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. दुपारची सावली हीदेखील तकदीरच आहे, हे आपण विसरतो.

हवामानाशी थेट संबंध असलेली एक घटना मात्र आपल्या प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. जातुस्सलासिलच्या मोहिमेत एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्यावर गुस्ल अनिवार्य झाले. गार पाण्याने स्नान केल्यास जीव जाईल अशी भीती वाटल्याने त्यांनी तयम्मुम केले आणि फज्रच्या नमाजचे नेतृत्व केले. पुढे प्रेषितांनी (स.) विचारणा केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या कुरआनी आज्ञेचा आधार दिला. प्रेषित (स.) हसले व काही बोलले नाहीत. आता दुसरी घटना पाहा. प्रवासात डोक्याला जखम झालेल्या एका माणसाने सवलत विचारली. सोबत्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. तेव्हा प्रेषितांनी (स.) संतापून त्याच्या मृत्यूचा दोष त्या सोबत्यांवरच ठेवला. सवलत नाकारणारे आपल्याला अधिक धार्मिक वाटतात, प्रेषितांचा (स.) निवाडा निराळा होता.

कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडावा येईपर्यंत लांबविण्याची शिकवण आहे. पावसाळी, थंड रात्री नमाज मुक्कामीच अदा करण्याची घोषणा अजानबरोबर होत असे. एका प्रवासात रोजाने गळून गेलेल्या माणसावर लोकांनी सावली धरलेली पाहून, प्रवासात असा रोजा ठेवणे म्हणजे पुण्य नव्हे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. जीवाला धोका वाटल्यास रोजा सोडून पुढे कजा करता येतो.

२०२४ च्या हजमध्ये मक्केतील मस्जिद-ए-हराममध्ये तापमान ५१.८ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. सौदी शासनाने १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते व निवाऱ्याशिवाय उन्हात दूरवर चालले होते. त्यांच्या तळमळीवर बोट ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु परवाना नसेल तर वातानुकूलित तंबू नाही, बस नाही, हे त्यांना अगोदर सांगणारे कोणीतरी हवे होते.

"आमचे वडील मे महिन्यात रोजे ठेवून शेतात राबत," हेही ऐकू येते. ते खरेच आहे. पण तो मे राहिलेला नाही. कोळसा व तेल जाळून साठलेल्या वायूंमुळे पृथ्वी तापत असून २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. रमजान सुमारे ३३ वर्षांत ऋतुचक्र पूर्ण करतो. २०१८ मध्ये तो मे-जूनमध्ये होता. २०५० च्या सुमारास पुन्हा तेथे येईल, आणि तेव्हाचा मे आजच्याहूनही तप्त असण्याची चिन्हे आहेत. आजची बालके तेव्हा कर्त्या वयाची असतील.

तोवर आपल्या हाती असलेले करावे. इशारा नारंगी वा लाल असेल, तर दुपारी बारा ते तीन घरात राहावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक घ्यावे. मशिदीच्या विश्वस्तांनी जुहरच्या वेळेचा विचार करावा आणि दाराशी पाण्याचा माठ ठेवावा, सर्वोत्तम दान कोणते, या हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या प्रश्नाला पाणी हेच उत्तर मिळाले होते. आपल्याकडे गवंडी वा हमाल कामाला असतील, तर त्यांना दुपारी सुट्टी द्यावी व मजुरी कापू नये, हाताखालच्यांवर झेपणार नाही असा भार टाकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, त्वचा तापून बेशुद्धी येऊ लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. शेजारी एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर जुहरनंतर तिचे दार वाजवून यावे.