कळांच्या वेळची सोबत

मंडळी, पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. कळा सुरू झाल्या की आई, मावशी, कुणी ना कुणी उशाशी असतंच. इथे सौदीत हॉस्पिटलं चांगली, यंत्रं नवी. पण आईचा व्हिजिट व्हिसा वेळेवर झाला नाही, तर त्या दहा-बारा तासांत शेजारी कोण? नर्स येते, तपासते, नोंद करते, पुढच्या खाटेकडे जाते. तिचा दोष नाही, तिला तीन-चार जणी बघायच्या असतात.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे "सोबत असली की बरं वाटतं" एवढ्यावर समाधान होत नाही, आकडे लागतात. ते आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. जॉन केनेल आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींवर केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. एका गटात प्रत्येकीजवळ एक बाई शेवटपर्यंत बसली. हात धरला, धीर दिला, काय चाललंय ते समजावलं. दुसऱ्या गटात एक बाई खोलीत बसून फक्त नोंदी घेत होती, बोलायचं नाही. तिसऱ्यात असं कुणीच नाही. सिझेरियनचं प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के. (तिसरा गट प्रसूतीनंतर निवडलेला, तेव्हा त्या १८ वर मी फार भार देणार नाही. पण ८ आणि १३ मधला फरकसुद्धा कमी नाही.)

एकच अभ्यास म्हणून सोडून द्यावं, तर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली आहे. सतत सोबत मिळालेल्यांना सिझेरियन कमी लागलं, वेदनाशामकं कमी लागली, कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी घटला.

असं का होतं? भीतीने शरीर आवळतं, ॲड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. शेजारचं माणूस चालायला लावतं, कुशीवर वळवतं, घोटभर पाणी देतं, "आता थोडंच राहिलं" म्हणतं. आपली जुनी सुईण हेच करायची. शिकलेली प्रसाविका याच्या जोडीला धोक्याची खूण ओळखते आणि डॉक्टरांना वेळेत बोलावते. मात्र तिलाही चार खाटा दिल्या तर ज्ञान राहील, सोबत राहणार नाही. माझ्या मते खरी गोम 'सतत' या शब्दातच आहे.

भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री ठेवायला मान्यता दिली, आणि २०१८ मध्ये प्रसाविकांसाठी १८ महिन्यांच्या वेगळ्या प्रशिक्षणाची तत्त्वं काढली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली.

इथे अरबीत सुईणीला 'काबिला' म्हणतात. हा शब्द स्वीकारणे, हाती घेणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे. नाव नोंदवतानाच विचारून घ्या: काबिला आहे का, ती शेवटपर्यंत थांबेल का, आणि नवरा किंवा एखादी बाई आत चालेल का. नियम हॉस्पिटलागणिक वेगळे असतात, ऐन वेळी वाद घालून उपयोग नाही. आत एखादी बाई चालत असेल, तर मंडळातल्या बाळंतपण अनुभवलेल्या दोघी-तिघींशी सातव्या महिन्यातच बोलून ठेवा. दोघी अशासाठी, की कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर एकीच्या घरी लहान मूल आजारी असू शकतं.