आधी पातं बघ, मग फळी काप

अगं, बँडसॉसाठी आडवं कापायची स्लेड करायला घेतलीस, हे फार चांगलं केलंस. मापं आणि जुळवाजुळव ऐकूनच तुझं डोकं गरगरलं असेल, मला कळतं. पण खरं सांगू का, यात कसब थोडं आणि क्रम महत्त्वाचा. प्लायची एक फळी, तिच्याखाली टेबलाच्या खाचेतून सरकणारी पट्टी आणि तुझ्या बाजूला लाकूड टेकवायला एक जाड आडपट्टी. बास, एवढंच. तुला जमणार आहे.

फळीला हात लावण्याआधी मात्र यंत्राकडे बघ. बँडसॉचं पातं पुष्कळदा सरळ न जाता एका अंगाला ओढतं. हाताने कापताना आपण लाकूड नकळत जरा तिरकं धरून निभावून नेतो. स्लेडला तशी मुभा नाही, ती खाचेतूनच चालणार. मग पातं वाकतं आणि छेद बाकदार येतो. म्हणून एका सरळ पट्टीवर कडेला समांतर रेघ मार, हातानेच रेघेवरून अर्ध्यापर्यंत काप आणि पट्टी तशीच धरून यंत्र बंद कर. आता बघ, पट्टीची कड खाचेला समांतर आहे का? नसेल तर प्लग काढ, पात्याचा ताण आणि ते वरच्या चाकावर मधोमध फिरतंय का ते तपास. तरीही फरक राहिला तर टेबलाचे बोल्ट सैल करून टेबलच तेवढं फिरव. घाबरू नकोस गं, ते परत घट्ट करता येतात. शेवटी गुण्या लावून पातं टेबलाशी काटकोनात आहे ना, तेही बघून घे.

आता खाचेतून सरकणारी पट्टी. १४ इंची यंत्रांची खाच बहुधा ६ सूत रुंद आणि ३ सूत खोल असते. लहान यंत्रांची अरुंद निघते, तेव्हा आपली आपण मोज. पट्टी चांगल्या वाळलेल्या सागवानाची किंवा शिसवीची कर. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे उन्हाळ्यात गच्च बसवलेली पट्टी आषाढात अडकते. कोकणात राहत असशील तर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घे. लाकडाचीच केलीस तर उंची खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी ठेव आणि मेणबत्ती घासून घे. स्क्रूआधी भोक पाडायला विसरू नकोस. तसाच पिळलास तर पट्टीची कड तिथे फुगते आणि स्लेड नेमकी तिथेच अडते.

लाकडी पट्टी प्लायला चिकटवायची सोपी युक्ती सांगते. खाचेच्या तळाला दोनतीन नाणी ठेव, वर पट्टी ठेव, म्हणजे ती टेबलाच्या जरा वर येईल. तिच्यावर फेविकॉल लावून ९ किंवा १२ मिलीमीटरची प्लाय दाबून ठेव. वाळल्यावर खालून स्क्रू मार.

आता आडपट्टी, आणि इथे घाई करू नकोस. ती कधीही चिकटवायची नाही, फक्त स्क्रू. आधी एका टोकाला एकच स्क्रू मार आणि दुसरं टोक क्लॅम्पने धर. समांतर कडांची एक रुंद फळी काप, दोन तुकड्यांपैकी एक उलटा कर आणि दोन्ही एकाच सरळ कडेला टेकवून कापलेली टोकं भिडव. फट दिसली तर चूक जेवढी असेल त्याच्या दुप्पट दिसते, म्हणून ही परीक्षा मला फार आवडते. क्लॅम्प सैल करून आडपट्टी केसभर सरकव, पुन्हा काप. फट मिटली की बाकीचे स्क्रू मार. पातं बदललंस किंवा पावसाळा सरला, की हीच परीक्षा पुन्हा घे.

पातं आडपट्टीत अर्ध्यावर पोचलं की स्लेड थांबायला हवी. त्यासाठी फळीखाली तुझ्या बाजूला एक ठोकळी मार, ती टेबलाच्या कडेला अडेल. आडपट्टीमागे, पात्याच्या रेषेत, आणखी एक जाड ठोकळा बसव. बोटं तिथे जाणारच नाहीत. कापून झालं की चालत्या यंत्रात स्लेड मागे ओढू नकोस, पातं चाकावरून उतरू शकतं. यंत्र बंद कर, पातं थांबू दे.

आणि एक विनंती, ही मात्र ऐकायचीच. लाटण्यासारखं गोल लाकूड या स्लेडवर नुसतं ठेवून कापू नकोस. पात्याचे दात वरून खाली येतात, गोल लाकडाला खाली आधार नसला तर ते गर्रकन फिरतं आणि धरलेली बोटं पात्याकडे ओढली जातात. दोन तिरके उतार असलेली खाचेची ठोकळी कर, गोल लाकूड त्यात बसव, ठोकळीसकट क्लॅम्पने आवळ आणि मगच यंत्र चालू कर.