सांडलेला दाणा

मायक्रोप्लास्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? समुद्रावर तरंगणाऱ्या पिशव्या, उन्हाने तडकलेल्या बाटल्या, कपडे धुताना निघणारे पॉलिएस्टरचे तंतू, टायरची झीज. हे सगळं खरंच आहे. पण या बाबतीत प्लास्टिक इंडस्ट्रीला हात वर करायला जागा असते. वस्तू आम्ही बनवली, फेकली तुम्ही! एक प्रकार मात्र असा आहे की त्यात गिऱ्हाइकाचा काडीचाही संबंध नाही. वस्तू बनायच्या आधीच तो सांडलेला असतो. तो म्हणजे दाणा.

पुस्तकात आपण पेलेट किंवा ग्रॅन्युल शिकतो. एमआयडीसीत तसं कोणी म्हणत नाही. तिथे पीपीचा दाणा, एलडीचा दाणा, रिप्रो दाणा. पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये वितळलेलं रेझिन डायच्या भोकांतून बाहेर येतं, त्याचे साधारण २ ते ५ मिलिमीटरचे तुकडे कापतात आणि ते २५ किलोच्या गोण्यांत भरून जगभर पाठवतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे बाटलीला तिथपर्यंत पोचायला अनेक वर्षं लागतात, दाणा मात्र जन्मतःच मायक्रोप्लास्टिक असतो.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंजेक्शन मोल्डिंगच्या एका लहान कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंग केलं. पहिल्याच दिवशी गोदामाच्या दारात माझा पाय घसरला. खाली बघते तर पांढरे दाणे, बॉल बेअरिंगच्या छर्‍यांसारखे. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, इथं जपून चालायचं, दाणा असतो." जणू काही पाऊस असतो तसा दाणा असतो! मग मी तो कुठे कुठे सांडतो याची वहीच केली. ट्रकमधून गोणी उतरवताना हमाल हूक मारतात, तिथे पहिलं भोक पडतं. गोणी ब्लेडने फाडताना कोपऱ्यात मूठभर राहतो आणि रिकामी गोणी झटकली की उडतो. शिडीवर चढून हॉपरमध्ये ओततानाही सांडतो. ग्राइंडरपाशी तर रनर आणि रिजेक्ट पीस दळताना नुसती भुकटी उडते. संध्याकाळी हे सगळं झाडून काढतात. धूळ आणि ऑइल लागलेला दाणा मशीनला चालत नाही, म्हणून तो दाराबाहेर कोपऱ्यात लोटतात. मग पाऊस आला की कोपरा आपोआप स्वच्छ होतो, कारण शेजारीच गटार.

शेठना मी हे सांगितलं. ते काही वाईट माणूस नव्हेत. हसून म्हणाले, "अगं, मूठभर दाण्याचं काय घेऊन बसलीस?"

मूठभर म्हणजे किती? कॉलेज सुरू झाल्यावर लॅबच्या काट्यावर पीपीचे १०० दाणे मोजून ठेवले. वजन २.४ ग्रॅम भरलं. या हिशोबाने एका किलोत जवळजवळ ४२ हजार दाणे आणि एका गोणीत दहा लाखांच्या वर. मूठ ५० ग्रॅमची धरली तरी दोन हजार दाणे! शेठच्या ताळेबंदात ५० ग्रॅम दिसणारच नाहीत, पण नाल्यातल्या माशाला वजनाशी देणंघेणं नसतं. त्याला एक दाणा म्हणजे एक अंडं दिसतं.

शिवाय पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ती तरंगत दूर जातात. वाटेत ती पाण्यातली विषारी रसायनंही ओढून घेतात. जपानमध्ये हिदेशिगे ताकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की दाण्यावर जमणाऱ्या पीसीबीचं प्रमाण आजूबाजूच्या समुद्राच्या पाण्यातल्यापेक्षा दहा लाख पटींपर्यंत असू शकतं. आणि समुद्रात प्लास्टिकचे असे बारीक गोळे सापडल्याची नोंद त्याआधी कितीतरी वर्षं, १९७२ मध्येच, 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली होती. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मोठे अपघात झाले की बातमी होते. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजाला आग लागली आणि सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अक्षरशः बर्फ पडल्यासारखा थर साचला होता. हे जहाज त्याआधी आपल्या गुजरातमधल्या हझीरा बंदरात येऊन गेलं होतं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ हे जहाज विळिंजमहून कोचीला जाताना केरळजवळ बुडालं आणि तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर लोक चाळण्या घेऊन वाळू चाळत बसले. पण रोज थोडा थोडा सांडणारा दाणा बातमीत येत नाही, आणि तोच जास्त आहे. एकट्या युरोपीय संघात २०१९ मध्ये ५२ हजार ते १ लाख ८४ हजार टन दाणा असा वाया गेल्याचा अंदाज आहे. अंदाजाची ही रुंदीच सांगते की कोणी नीट मोजतच नव्हतं.

आता इंडस्ट्रीने काय केलं ते बघू. अमेरिकेतल्या प्लास्टिक उत्पादकांच्या संघटनेने १९९१ मध्ये 'ऑपरेशन क्लीन स्वीप' सुरू केलं. त्यातल्या सूचना चांगल्या आहेत, मी नावं ठेवणार नाही. पण सगळा मामला ऐच्छिक! सही करा, बोर्ड लावा, झालं. टेक्सासमध्ये पॉइंट कम्फर्ट इथल्या फॉर्मोसा प्लास्टिक्सच्या प्लांटमधून वर्षानुवर्षं दाणा आणि पावडर खाडीत जात होती. डायान विल्सन या कोळंबी पकडणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी २०१६ पासून काठाकाठाने फिरून नमुने गोळा केले, तारखा घातलेल्या पिशव्यांत भरले आणि कोर्टात नेऊन ठेवले. २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. शेवटी ५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि यापुढे एकही दाणा बाहेर जाणार नाही अशी अट आली. सांडणं दिसलं की दंड. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोठा धडा आहे, कारण तिथे नवं तंत्रज्ञान काही सापडलं नव्हतं. कोणीतरी मोजायला लागलं होतं, एवढंच.

युरोपीय संघाने २०२५ मध्ये दाण्याच्या गळतीवर वेगळा कायदाच मंजूर केला. वर्षाला ५ टनांपेक्षा जास्त दाणा हाताळणाऱ्यांना तो लागू होणार, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. आधी सांडू नका, सांडला तर आतच अडवा, आणि तरी गेला तर उचला, असा त्याचा क्रम. आपल्याकडे प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२४ च्या दुरुस्तीने मायक्रोप्लास्टिकची व्याख्या आली, पण ती १ ते १,००० मायक्रॉन अशी आहे. म्हणजे जास्तीत जास्त १ मिलिमीटर. आपला ३ मिलिमीटरचा दाणा त्या व्याख्येतून अलगद निसटतो!

मग लहान कारखान्याने काय करावं? हूक वापरू नये असा बोर्ड लावून भागत नाही. हमालाला गोणीमागे मजुरी मिळत असेल तर तो हूक वापरणारच, त्याच्या पाठीचा प्रश्न आहे. पॅलेट आणि हँड ट्रॉली दिली तर हूक आपोआप सुटतो. ओतायच्या जागी खाली ट्रे, झाडूऐवजी व्हॅक्यूम, आणि मळलेल्या दाण्यासाठी झाकणाचा ड्रम. हा दाणा रिप्रोवाले विकत घेतात, त्यामुळे अगदीच पाण्यात जात नाही (शब्दशः!). गटाराच्या तोंडाशी जाळी हवी, पण एकटी जाळी तुंबते. म्हणून आधी एक आडवी पट्टी, जिच्यामागे पीपी आणि पीई तरंगत अडकतील, आणि मग १ मिलिमीटरची जाळी, कारण पीव्हीसी, पेट, नायलॉन बुडतात. ग्राइंडरची भुकटी या जाळीतूनही निघून जाते, तिच्यासाठी फिल्टर बॅग वेगळी.

रीसायकलिंगवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. ब्रिटनमधल्या एका प्लांटच्या धुण्याच्या पाण्याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. फिल्टर नसताना आलेल्या मालाच्या १३ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक पाण्यात जाऊ शकतं आणि फिल्टर बसवल्यावर ते साधारण निम्मं होतं, असा त्यात अंदाज आहे.

एक शंका आमच्या सरांनी काढली होती. आलेला माल वजा गेलेला माल करून गळती काढता येणार नाही का? नाही येत. गोणीच्या काट्याची चूक आणि स्क्रॅपची बेफिकीर नोंद यातच गळती बुडून जाते. ती गटारापाशीच मोजावी लागते.

म्हणून आम्ही आपल्याच वर्कशॉपपासून सुरुवात केली. हँड मोल्डिंग मशीनच्या मागचा चेंबर मामांनी उघडून दिला. गाळात पांढरे दाणे होते आणि थोडे निळेही. निळा मास्टरबॅच लॅबमध्ये दोन वर्षांत कोणी वापरलेला नाही, असं मामा म्हणाले. हा चेंबर पुढे हॉस्टेलमागच्या नाल्याला मिळतो. फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाळीची टोपली बनवून तिथे बसवली. दर शनिवारी जमलेला दाणा धुऊन, वाळवून वजन करतो. पहिल्या पाच आठवड्यांचे आकडे : ३८ ग्रॅम, ३१, १२, ९, ९. तिसऱ्या आठवड्यात मशीनखाली ट्रे ठेवला होता. उरलेले ९ ग्रॅम कुठून येतात ते अजून सापडलेलं नाही, मला स्वतःला ग्राइंडरच्या खोलीचा संशय आहे. पावसाळ्यात टोपली तुंबते का तेही बघायचं आहे, आणि तोवर आमची परीक्षा आलेली असेल. शनिवारी साडेचारला मामा झाकण उघडतात. एसईपैकी कोणी येणार असेल तर हातमोजे घेऊन यावं, वही लॅबच्या कपाटात वरच्या खणात आहे.